सगळ्या वर्गाचा कल मेडिकलकडे

जून आला की माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, उन्हानं. ऊन आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना नवं आहे का? उन्हानं आमचं काही बिघडत नाही. माझं डोकं फिरतं ते फ्लेक्समुळे. बडनेऱ्याकडून अमरावतीत शिरलं की राजापेठेपर्यंत विजेचा एक खांब मोकळा दिसत नाही, प्रत्येकावर पोरं टांगलेली. कोरा शर्ट, कपाळाला टिळा, खाली टक्के, आणि सगळ्यांत खाली पोराच्या नावापेक्षा दुप्पट मोठ्या अक्षरांत क्लासचं नाव. अकोल्यात मी राहते, तिथेही हेच. आंबा उतरणीला लागलेला असतो, कूलरच्या वाळ्याचा वास जाऊन कुबट वास यायला लागतो, पेरणीसाठी माणसं आभाळाकडे बघत असतात, आणि बाजारात पोरांचा हंगाम सुरू होतो.

मी अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माहेर वलगावचं, अमरावतीजवळचं. धाकटा भाऊ सुधाकर तिथली शेती बघतो. सुट्ट्या लागल्या की मी माहेरी जाते, गच्चीवर कुरडया वाळत असतात त्यांची राखण करते आणि भाचीशी गप्पा मारते. भाचीचं नाव गौरी. ती अमरावतीला शाळेत जायची, रोज एस.टी.नं. मी सांगतेय तो उन्हाळा तीन वर्षांपूर्वीचा, तिची दहावीची परीक्षा संपली होती आणि निकाल लागायचा होता तेव्हाचा. हे मधले दिवस खरं म्हणजे पोरांचे हक्काचे. पोटभर झोपायचे, रसाची वाटी चाटून पुसून ठेवायचे, काहीही न करायचे. पण ते दिवस आता पोरांकडे ठेवलेत कुठे?

त्या उन्हाळ्यात सुरुवातीलाच आमच्या शेताची मोजणी झाली. आमच्या आणि चुलत्यांच्या शेतामधला धुरा, म्हणजे बांध, हा दोन पिढ्यांच्या अबोल्याचा विषय. आमच्याकडे धुऱ्यावरून सख्खी माणसं एकमेकांच्या मयतीला जात नाहीत. मोजणीला सरकारी माणूस येणार म्हणून दोन्हीकडची पंधरावीस माणसं जमली होती आणि आली एक बाई. डोक्यावर टोपी, टोपीखालून गुंडाळलेला स्कार्फ, पायांत बूट. तिनं तिपाईवर यंत्र लावलं, डोळा लावला आणि हातानंच माणसांना बाजूला सरायची खूण केली. काळ्या ढेकळांतून ती सगळं शेत फिरली. एरवी जे गडी तोंडाचा पट्टा थांबवत नाहीत, ते बाभळीखाली गपगार बसून तिची वाट बघत होते. गौरीला तिनं यंत्रातून बघू दिलं. पोरगी बराच वेळ डोळा काढेना.

शेतातून घरी येता येता ती मला म्हणाली, "आत्या, तिनं कोनाले एक शब्द म्हटला नाई. निस्तं मोजलं. अन् सारे चूप झाले."

"मग?"

"मले हे कराचं हाय."

"काय, भांडणं मिटवायची आहेत का?"

"नाई. मोजाचं."

पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या मनात रोज काहीबाही येतं, म्हणून मी हसून सोडून दिलं असतं. पण ती त्या बाईंना सगळं विचारून आली होती. दहावीनंतर पॉलिटेक्निकला जायचं, सिव्हिलचा डिप्लोमा करायचा, मग परीक्षा द्यायची, मग नोकरी. घरातली कापड मोजायची टेप घेऊन तिनं दुसऱ्या दिवशी अंगण मोजलं, गोठा मोजला, आणि कागदावर त्याचा नकाशा काढून सुधाकरला दाखवला. सुधाकरनं तो बघितला आणि म्हणाला, "गोठा बराबर आला गड्या." तो नकाशा पुढे कुरडयांच्या डब्याखाली गेला, पण पोरीच्या डोक्यातून काही गेला नाही.

याच दिवसांत तिच्या शाळेनं मार्गदर्शन शिबिर ठेवलं. शाळेत मार्गदर्शन कक्ष होता. म्हणजे पूर्वी खेळाचं सामान ठेवायची खोली होती, तिच्या दारावर पाटी लागली होती. आत बॅडमिंटनची जाळी, गोळाफेकीचे गोळे, एका कोपऱ्यात लेझीम, आणि भिंतीवर उगवत्या सूर्याच्या चित्राखाली यशाबद्दलचं एक वाक्य. समुपदेशक होते कोल्हे सर. ते मुळात पी.टी.चे. कुठलंसं शिबिर करून आले, प्रमाणपत्र मिळालं आणि पोरांच्या आयुष्याची शिट्टी त्यांच्या हातात आली.

सरांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर अन्याय होईल. कबड्डी शिकवावी तर या माणसानं. मी स्वतः त्यांना मैदानावर पाहिलंय. नवी पोरं आली की ते त्यांना नुसती पळायला लावायचे आणि कडेला उभं राहून बघायचे. कोणाचा पाय हलका, कोणाच्या मनगटात जोर, कोण घाबरतं पण मागं हटत नाही. मग सांगायचे, तू चढाईला जा, तू कोपरा धर. आणि ते चुकायचे नाहीत. या माणसाला पोरगं ओळखता येत नव्हतं असं कोणी म्हणू नये. येत होतं. मैदानावर एकेक पोरगं वेगळं ओळखणारा हा माणूस खोलीत खुर्चीवर बसला की त्याला सब घोडे बारा टक्के कसे काय वाटायचे, याचाच मला अजून राग येतो.

तर शिबिरात कल चाचणी झाली. तुम्हाला काय आवडतं, काय जमतं, याचे प्रश्न आणि खाली उत्तर लिहायला जागा. तुमचा कल कुठे आहे ते त्यावरून कळतं म्हणे. संध्याकाळी गौरी जेवताना हसत सुटली. तिला घास गिळवेना.

"आत्या, साऱ्या वर्गानं अर्शियाचं पायून लिवलं!"

अर्शिया वर्गातली पहिली. तिच्या वडिलांचं चपला-बुटांचं दुकान, पोरगी हुशार आणि लहानपणापासून डॉक्टर व्हायचं म्हणणारी. गौरीच्या शेजारच्याच बाकावर बसायची. दहा वर्षं या पोरांना काय शिकवलं होतं? पेपर म्हटला की त्यात बरोबर उत्तर असतं आणि ते पहिल्या नंबरवाल्याकडे असतं. मग कागद समोर आल्यावर पोरांनी दुसरं काय करावं? सुट्टीच्या दिवशी तुम्हाला काय करायला आवडतं, असा एक प्रश्न होता. अर्शियानं प्रामाणिकपणे लिहिलं, आजारी माणसांची सेवा. लगेच बाकाबाकांवरून ते उत्तर मागच्या भिंतीपर्यंत गेलं. सुट्टीच्या दिवशी चिंचा पाडणारी, गाडीवर ट्रिपल सीट फिरणारी, क्रिकेटपायी मार खाणारी सगळी पोरं त्या दिवसापासून आजाऱ्यांची सेवा करायला लागली.

"आणि तू काय लिहिलंस?" मी विचारलं.

"मी माह्यं लिवलं," गौरी म्हणाली. "त्यात का चूक-बराबर असते का, आत्या? आवडतेच ते लिवाचं ना?"

आम्ही दोघी खूप हसलो. सुधाकरही हसला. आता आठवलं की माझंच मला विचित्र वाटतं.

चार दिवसांनी शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला. शाळेला अभिमान, संपूर्ण वर्गाचा कल वैद्यकीय क्षेत्राकडे. खाली कोल्हे सरांचा हात जोडलेला फोटो आणि त्याच्या शेजारी राजापेठेतल्या एका क्लासची जाहिरात. त्या क्लासकडून कोणाला काय मिळत होतं ते मला ठाऊक नाही आणि मी अंदाजानं बोलणार नाही. मला जेवढं दिसलं तेवढंच पुरेसं होतं. आणि सुधाकरला निरोप आला, पालकांनी भेटावं.

मी बरोबर गेले. खोलीत पंखा होता, पण तो वारा सरांकडेच टाकत होता. सर उठून उभे राहिले, पाणी मागवलं, माझ्याशी अदबीनं बोलले. मग समोरचा कागद त्यांनी असा सरकवला की जणू पोरीच्या रक्तात काही निघालंय.

"भाऊ, घाबरू नका," ते सुधाकरला म्हणाले. "साऱ्या वर्गाचं मेडिकल आलं. एका तुमच्याच पोरीचं बाहेरचं काम अन् मोजमाप आलं. काईतरी गडबड झाली तिची."

सुधाकरचा चेहरा पडला. "सर, पोरगी तर हुशार हाय."

"म्हनूनच म्हन्तो ना. हुशार हाय म्हनूनच."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, बाकीच्या पोरांनी अर्शियाचं बघून लिहिलंय. हिनं एकटीनं स्वतःचं लिहिलंय. गडबड तिची नाही, बाकीच्या सगळ्यांची आहे."

मला वाटलं, आता माणूस चपापेल. कोल्हे सरांनी पंख्याकडे बघितलं, रुमालानं मान पुसली आणि शांतपणे म्हणाले, "मले मालूम हाय म्याडम. पोट्टे पायतेतच. पन निकाल तर चांगला आला ना?"

मी गेली कित्येक वर्षं भाषा शिकवते. 'पन'चा असा उपयोग मी कुठल्याही व्याकरणात पाहिला नव्हता. आजही आठवलं की कान तापतात.

"हिची पुन्हा घेऊ," सर म्हणाले. "मी सोता बसवतो. अर्शियाले बी बोलावतो सोबतीले."

मी हात आपटून सांगितलं, सिव्हिल डिप्लोमाबद्दल तरी बोला. सर हसले. एवढी हुशार पोरगी उन्हातान्हात धुऱ्यावर फिरवायची का, लोक कुऱ्हाडी घेऊन उभे राहतात तिथं, असं ते म्हणाले. हे मात्र सुधाकरच्या काळजात बरोबर बसलं, कारण त्यानं त्या कुऱ्हाडी पाहिलेल्या होत्या. मोजणीवाल्या बाईसमोर त्या खाली ठेवलेल्याही पाहिल्या होत्या, पण ते त्याला तेव्हा आठवलं नाही. परतताना गाडीवर तो एवढंच म्हणाला, "ताई, ते सर हायेत. त्यायले आपल्यापेक्षा जास्त समजते." मी म्हटलं, तुझ्या पोरीबद्दल तुझ्यापेक्षा जास्त? त्यानं गाडी जोरात काढली. बापानं पोरीबद्दलची आपली माहिती अशी परक्याच्या टेबलावर सोडून यावी, याचा राग मी सुधाकरवर अजून धरून आहे आणि ते त्यालाही माहीत आहे.

गौरीनं चाचणी पुन्हा दिली. अर्शियाच्या शेजारी बसून. आल्यावर हसली नाही, चप्पल काढली आणि म्हणाली, "आलं माह्यं बी मेडिकल." अर्शियाला त्यात बोल लावायचा नाही, त्या पोरीनं तर गौरीला कानात सांगितलं होतं म्हणे, "तू तेरा लिख ना, मेरे कू काहून देखती." पण सर समोर खुर्ची टाकून बसले होते.

निकाल लागला. गौरीला चांगले मार्क पडले. पेढे आले, फोन आले. आमच्याकडे निकालानंतर गुणवंतांचे सत्कार होतात. समाजाचे, संस्थांचे, पुढाऱ्यांचे. पोरं आईवडिलांसोबत या मंगल कार्यालयातून त्या मंगल कार्यालयात जातात, तीच शाल, तोच नारळ, तीच ट्रॉफी. शाळेनंही सत्कार ठेवला. मी दुसऱ्या ओळीत बसले होते. बाहेर ऊन नुसतं ओतत होतं, आत भोजनाच्या कढीचा वास भरला होता. प्रथा अशी की स्टेजवर प्रत्येक पोराला माइकवर विचारायचं, पुढे काय होणार. पोरानं सांगायचं, लोकांनी टाळ्या द्यायच्या. डॉक्टर म्हटलं की कडकडाट. इंजिनियर म्हटलं की बऱ्यापैकी. तिसरं काही त्या मंगल कार्यालयात कोणी बोललेलं मी ऐकलं नाही.

गौरीची पाळी आली. कोल्हे सरांनी विचारलं, "बोला बेटा, काय होनार?"

गौरी माइकजवळ गेली. तिनं एकदा खाली बापाकडे बघितलं. तिचे ओठ हलले, "मले—" एवढंच आलं आणि ती थांबली. ती योग्य शब्द शोधत होती. मला तिची ती सवय ठाऊक आहे, महत्त्वाचं बोलायचं असलं की पोरगी थांबते. अर्धं मिनिट थांबलं असतं कोणी तर ती बोलली असती. सरांनी माइक आपल्याकडे ओढला. "घाबरली पोरगी! माइकले घाबरली! डॉक्टर होनार हाय आपली गौरी, टाळ्या!" आणि टाळ्या पडल्या, बाप्पा, काय टाळ्या पडल्या! सुधाकरही टाळ्या वाजवत होता. गौरी नारळ घेऊन खाली आली आणि माझ्याजवळ बसली. तिच्या हाताला नारळाच्या शेंड्या टोचत होत्या तरी तिनं तो सोडला नाही.

पॉलिटेक्निकचे अर्ज त्याच आठवड्यात सुटले आणि बंद झाले. मग गौरीची अकरावी. तिचं नाव होतं एका आडगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात, जिथं तिनं परीक्षेखेरीज पाय ठेवला नाही, आणि ती स्वतः होती राजापेठेतल्या क्लासमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, जिथल्या जिन्यात चपलांचा ढीग आणि खाली दुचाक्यांचा. इकडे अकोल्यात माझ्या वर्गात उलटी तऱ्हा. हजेरीपटावर भरगच्च नावं, बाकांवर पाचसहा पोरं. मी कविता शिकवायची आणि फळ्याला ऐकू जायची. एकदा मी रिकाम्या बाकांकडे बघून चक्क हजेरी घेतली, एकेक नाव मोठ्यानं. समोरची पोरं हसायला लागली. मला वाटत होतं की या नावांमागे कोणीतरी गौरी असणारच, जिला हे असं कुठंतरी कोंडलंय. शिपाई दारातून डोकावला, म्हणाला, "म्याडम, तबेत बरी हाय ना?"

दोन वर्षं ती बेडकाचं पोट पाठ करत राहिली. हुशार पोरगी, वाईट मार्क कधी पडले नाहीत, पण मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला वाईट न पडणं पुरत नाही. कोल्हे सरांचा सल्ला आला, एक वर्ष रिपीट करू द्या, पोरगी काठावर आहे. काठावर! या माणसांना पोरं नेहमी काठावरच दिसतात, म्हणजे ढकलायला सोपी. ती पुन्हा त्याच जिन्यानं वर गेली. मी भेटायला जायची तेव्हा ती डबा खात असायची आणि दुसऱ्या हातात पुस्तक असायचं. एकदा मी म्हटलं, तुला जे करायचं होतं ते अजून आवडतं का गं? ती म्हणाली, "आत्या, आवडाचं कायले बोलतं, हे पाठ व्हाचं हाय." मी बसनं अकोल्याला परत आले आणि वाटेतलं मूर्तिजापूर कधी गेलं ते मला कळलं नाही.

अर्शिया पहिल्याच वेळी पास झाली. तिचा फ्लेक्स खरा आहे आणि तो बघून मला आनंदच होतो. त्या वर्गातलं मार्गदर्शन एकाच पोरीसाठी बरोबर निघालं आणि तिला त्याची गरजच नव्हती.

या वर्षीचा निकाल लागला त्या दिवशी गौरीनं मला फोन केला. नाही झालं, म्हणाली. रडत नव्हती. पाठोपाठ कोल्हे सरांचा फोन सुधाकरला आला होता, अमुक कोर्सला जागा आहेत, मेडिकललाच धरून आहे, सोडू नका. मी तशीच उठून वलगावला गेले. ओसरीवर सुधाकर बसला होता. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "ताई, तू काई म्हनू नको. तिनंच ठरवलं हाय. सरायले मी नाई म्हटलं." मग आत गेला आणि पोरीचं दहावीचं मार्कशीट घेऊन आला. मी ते पिशवीत घातलं. त्याच्यावरचा राग थोडा ढिला झाला, पूर्ण नाही.

पॉलिटेक्निकच्या प्रवेशासाठी कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात. आम्ही दोघी गेलो. गेल्या आठवड्याचीच गोष्ट. व्हरांडा पोरांनी भरला होता, सगळी नुकतीच दहावी झालेली, कोवळ्या मिशांची, आईच्या पदराजवळ घुटमळणारी. त्या रांगेत गौरी उभी, एकोणीस वर्षांची, एका हातात फाइल. पुढचं एक पोरगं तिला काकू म्हणता म्हणता ताई म्हणालं. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. तीन वर्षांपूर्वी तिनं याच रांगेत, या पोरांएवढी होऊन उभं राहायला हवं होतं. तिला सगळं माहीत होतं तेव्हा. कुठं जायचं, काय शिकायचं, कशासाठी. आम्ही सगळ्या शहाण्यांनी मिळून तिला तिच्या जागेपासून दूर नेलं आणि आता ती एकटी चालत परत आली होती.

टेबलामागे एक प्रौढ गृहस्थ होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी वर न बघता हात पुढे केला. "कोनाचं हाय? लहान्या भावाचं?"

"माह्यं," गौरी म्हणाली.

त्यांनी मार्कशीट बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. माणूस खवचट नव्हता, त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "अवं, एवढे मार्क? अन् दहावी होऊन तीन सालं झाले. मंग मंधात काय करत होती, बेटा?"

मी पुढे सरसावले, तोंडाशी आलेलं सगळं बोलून टाकणार होते. गौरीनं हातानं मला मागे केलं. ती थोडी थांबली. ते गृहस्थही थांबले, पेन हातात धरून, तिच्याकडे बघत.

"मार्गदर्शन घेऊन राह्यली होती," ती म्हणाली.